ऑपरेशन कोण करणार आहे, ते आधी सांगा

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील रुग्णालये चालवणारे सर्व डॉक्टर, संचालक आणि विश्वस्त;
तसेच या रुग्णालयांची नोंदणी आणि नूतनीकरण करणारे अधिकारी

विषय : रुग्णालयात कोणत्या शाखेचे सर्जन आहेत आणि ऑपरेशन कोण करणार, हे पेशंटला लेखी कळण्याबाबत

स.न.वि.वि.

अलीकडे आपल्यापैकी अनेकांनी रुग्णालयाच्या दारावरचे फलक बदलले. पूर्वी पत्र्याची पांढरी पाटी असायची. तिच्यावर डॉक्टरांचं नाव, नावाखाली पदवी, पदवीखाली शाखा आणि कोपऱ्यात भेटायची वेळ. आता रात्री लांबूनही दिसतील असे झगमगीत फलक लागलेत. त्यांवर हसरं कुटुंब आहे, ‘सर्व प्रकारच्या शस्त्रक्रिया एकाच छताखाली’ अशी ओळ आहे, ‘कॅशलेस’ आहे, ‘चोवीस तास इमर्जन्सी’ आहे. सर्जनची नावं मात्र गेली. कुठे एखादं उरलंच असेल तर ते मालकाचं.

मी डॉक्टर नाही. रुग्णालयांच्या वस्तीत माझं मेडिकलचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. तुमच्यातल्या कित्येकांचं अक्षर मला तुमच्या सिस्टरपेक्षा चांगलं लागतं. दुकानात औषधं घ्यायला येणाऱ्यांइतकेच नुसतं विचारायला येणारेही असतात. अक्कलकोट, मोहोळ, सांगोला, तुळजापूर, पलीकडे इंडीपासूनची माणसं एसटीनं येतात. शहराच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका येतात, त्यांना मराठीपेक्षा तेलुगू जवळची. हातात कॅरीबॅग, कॅरीबॅगमध्ये एक्स-रे आणि रिपोर्टची फाईल. फाईल काउंटरवर ठेवून विचारतात, ‘दादा, हे डॉक्टर कशाचे हो?’ उद्या सकाळी ऑपरेशन असतं, डिपॉझिट भरून झालेलं असतं, आणि हा प्रश्न आदल्या संध्याकाळी औषधवाल्याला विचारला जातो. तो तुम्हाला विचारायची त्यांची छाती होत नाही, आणि वाचून कळावं असं तुमच्या भिंतीवर काही नसतं.

सर्जन म्हणजे एकच एक डॉक्टर नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको. हे पत्र इतर लोकही वाचणार आहेत, त्यांच्यासाठी थोडं लिहितो. आधी साडेपाच वर्षांचं एम.बी.बी.एस., त्यातलं शेवटचं एक वर्ष इंटर्नशिपचं. पुढं तीन वर्षांचं एम.एस. किंवा त्या तोडीचं डी.एन.बी. वाटा तिथंच फुटतात. हाडांचे सर्जन वेगळे, कान-नाक-घशाचे वेगळे, डोळ्यांचे वेगळे, सिझेरियन आणि गर्भाशयाची ऑपरेशनं करणारे स्त्रीरोगतज्ज्ञ वेगळे. जनरल सर्जनकडे अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशयाचे खडे, मूळव्याध, भगंदर, स्तनातली गाठ, फुटलेलं आतडं आणि शुगरवाल्यांचे चिघळलेले पाय येतात. जनरल म्हटलं की लोकांना कमी दर्जाचं वाटतं, पण रात्री दोनला पोट फुगलेला माणूस वाचतो तो बहुतेक वेळा यांच्याच हातून.

त्यापुढं आणखी तीन वर्षं एम.सीएच. केलेले सर्जन येतात. मेंदू आणि मणक्याचे, हृदय आणि फुप्फुसाचे, मूत्रमार्गाचे, प्लास्टिक सर्जन, लहान मुलांचे सर्जन, कॅन्सरचे, यकृत-आतड्यांचे. जबड्याचं हाड मोडलं तर ते बसवणारे सर्जन दंतवैद्यकातून, एम.डी.एस. करून आलेले असतात.

घोटाळा होतो तो जोडीच्या शाखांत. ‘किडनीचा डॉक्टर’ म्हणून लोक दोघांना ओळखतात. मुतखडा काढणारे यूरोलॉजिस्ट हे सर्जन. डायलिसिसचं बघणारे नेफ्रॉलॉजिस्ट हे फिजिशियन, ते ऑपरेशन करत नाहीत. हृदयाचंही तसंच. अँजिओप्लास्टी कार्डिओलॉजिस्ट करतात, बायपास कार्डियाक सर्जन. फिट आणि लकव्याला न्यूरोलॉजिस्ट, तर हैदराबाद रोडवर गाडीवरून पडून डोक्यात रक्त साचलं की न्यूरोसर्जन. या शेवटच्या बाबतीत वाट चुकली तर दुरुस्त करायला वेळ उरत नाही.

लहान मुलांचा वेगळा सर्जन असतो हे तर शिकलेल्या आईबापांनाही ठाऊक नसतं. लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला आहे, असं बाळ जन्माला येतं. अशा बाळाची सुंता करायची नसते, कारण पुढच्या दुरुस्तीला तीच कातडी लागते. अंडकोष खाली उतरला नसेल तर सहा महिन्यांपर्यंत वाट बघतात, आणि मग साधारण दीड वर्षाच्या आत ऑपरेशन व्हावं लागतं. आमच्याकडे ‘मोठा झाला की उतरेल’ म्हणत मूल शाळेत जाईपर्यंत थांबणारे मी बघितलेत.

शाखांच्या सीमा अशा रेघ मारल्यासारख्या नसतात, हेही मला माहीत आहे. मणक्याचं ऑपरेशन हाडांचे सर्जन करतात आणि न्यूरोसर्जनही करतात. थायरॉईडची गाठ जनरल सर्जन काढतात, कान-नाक-घशाचे काढतात, कॅन्सरचेही काढतात. त्यामुळं अमुक ऑपरेशन अमक्यानेच करावं अशी यादी मी मागत नाही. तो तुमचा प्रांत. मी नाव मागतोय.

आपल्याच सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि युद्धभूमीवर जखमींची ऑपरेशनं करत १९४२ साली तिकडेच वारले. रणांगणावरच्या सर्जनला समोर येईल ते उघडावं लागायचं, पोट म्हणू नका, हाड म्हणू नका. तिथं दुसरा कोणी नव्हता. आज सोलापुरात तशी स्थिती नाही. १९६३ पासून शहरात वैद्यकीय महाविद्यालय आहे, बार्शीत कॅन्सरचं स्वतंत्र रुग्णालय आहे, पुणं अडीचशे किलोमीटरवर आहे. माणसं आहेत. कोण कुठे आहे ते मात्र पेशंटला सांगायचं नाही, असं चाललंय.

हे मी दुकानात ऐकून लिहीत नाही. माझ्या बहिणीचा मुलगा यंत्रमागावर कामाला होता. माग साफ करताना पत्र्याची धार लागून उजवा तळहात बोटांच्या मुळाशी कापला. जवळच्या एका रुग्णालयात नेलं. ‘सर्जन आहेत का?’ असं बहिणीनं विचारलं, ‘आहेत’ असं उत्तर मिळालं. अर्ध्या तासात टाके पडले, ड्रेसिंग झालं. जखम छान भरली, टाक्यांची रेघसुद्धा सरळ. टाके काढले त्या दिवशी त्याला मूठ वळायला सांगितली तर मधली दोन बोटं सरळच राहिली. ‘सूज आहे, उतरेल, चेंडू दाबत जा,’ असं सांगितलं. पोरगं महिनोन्‌महिने चेंडू दाबत बसलं. शेवटी पुण्यात हाताचं काम करणाऱ्या एका प्लास्टिक सर्जनना दाखवलं. त्यांनी एकेक बोट वेगळं धरून ‘आता हेच वाकव’ असं सांगून बघितलं. मिनिटभराचं काम. दोन्ही बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, पहिल्याच दिवशी तुटल्या होत्या. वर कातडी शिवली गेली, आत तुटलेलं तसंच राहिलं. पहिल्या काही दिवसांत त्या सरळ जोडता आल्या असत्या. आता आधी सिलिकॉनची कांडी घालून रस्ता तयार करायचा, साधारण तीन महिन्यांनी दुसरीकडून कंडरा काढून तिथं बसवायची, अशी दोन ऑपरेशनं सांगितली. ती झाली. मूठ आता बरीचशी वळते, पण मागावरची पकड गेली. तो टॉवेलच्या घड्या घालायला बसतो, पगार उतरला.

पुण्याच्या डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला होता, ‘पहिले टाके कोणी घातले? नोट आहे का?’ डिस्चार्ज कार्डावर रुग्णालयाचा गोल शिक्का आणि त्याच्यावर एक वळवळीत सही. नाव नाही, पदवी नाही, नोंदणी क्रमांक नाही. विचारायला गेलो तर ‘त्या दिवशी ड्युटीला कोण होतं ते बघावं लागेल’ असं म्हणाले, आणि ते बघणं अजून चालू आहे. टाके घालणारे जनरल सर्जन होते, हाडांचे होते, की आरएमओ, म्हणजे रुग्णालयात ड्युटीला राहणारे डॉक्टर, होते, हे आम्हाला आजतागायत माहीत नाही. सोलापुरी चादरीच्या कोपऱ्यावर ती कोणी विणली त्याचं लेबल असतं. माणसाच्या हातावर काम करणाऱ्याचं नाव कागदावर नसतं.

(जाता जाता कारखानदारांसाठी : बोट तुटून पडलं तर ते थेट बर्फात टाकू नका. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. आणि न्यायचं ते प्लास्टिक किंवा हँड सर्जन आहेत तिथंच. आधी फोन करून विचारा.)

आता तक्रारी.

पहिली संमतीपत्राची. तुमच्या बहुतेकांकडे झेरॉक्सची झेरॉक्स काढून पुसट झालेला एकच कागद असतो. त्यावर ‘डॉ.’ असं छापून पुढं रेघ, ती रेघ मोकळी. ऑपरेशनचं नाव लिहायची जागा मोकळी. भुलीच्या डॉक्टरांचं नाव तर विचारूच नका. पेशंटला स्ट्रेचरवर घेतल्यावर वॉर्डबॉय हा कागद आणि शाईचं पॅड घेऊन येतो, ‘इथं अंगठा लावा.’ रेघ नंतर भरली जाते. सर्वोच्च न्यायालयानं २००८ च्या निकालात स्पष्ट सांगितलं आहे की तपासणीसाठी दिलेली संमती ही ऑपरेशनची संमती होत नाही. त्या प्रकरणात पेशंट भुलीखाली असताना तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय काढलं होतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्कांच्या सनदेत उपचार करणाऱ्यांची ओळख आणि त्यांची पात्रता जाणून घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. महाराष्ट्राच्या २०२१ च्या नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद दर्शनी जागी लावावी लागते. लावलीय तुम्ही, नाही असं नाही. काही ठिकाणी तिच्यासमोर पाण्याचा कूलर असतो.

दुसरी तक्रार बाहेरगावच्या सर्जनची. पुण्याहून, हैदराबादहून ठरावीक वारी सर्जन येतात, ऑपरेशनं करतात आणि संध्याकाळी परततात. ते येतात म्हणून कितीतरी लोकांचा पुण्याचा हेलपाटा आणि खर्च वाचतो. त्यांच्याविषयी माझं काहीही म्हणणं नाही. म्हणणं पुढच्या रात्रीबद्दल आहे. रात्री ड्रेनमधून, म्हणजे ऑपरेशनच्या जागी ठेवलेल्या नळीतून, रक्त येऊ लागलं, ताप चढला, लघवी थांबली, तर बघणार कोण? नातेवाइकांना वाटतं ज्यांनी केलं तेच बघतील, कारण ते पुण्याला गेले हे त्यांना सांगितलेलंच नसतं. मग रात्री अकरा वाजता कोणीतरी माझ्या शटरवर टकटक करतं, हातात सिस्टरनं दिलेली चिठ्ठी, आणि ‘मोठे डॉक्टर फोन उचलत नाहीत’ ही तक्रार. मोठे डॉक्टर त्या वेळी गाडीत असतात, पुण्याच्या वाटेवर भिगवणच्या आसपास. पेशंटची जबाबदारी इथल्या कोणत्या सर्जनकडे सोपवली, त्यांचं नाव काय, हे दोन ओळींत फाईलवर लिहायला काय हरकत आहे?

तिसरी, बिल. ‘सर्जन चार्जेस’ असा आकडा असतो. कोणत्या सर्जनचे, ते नसतं.

चौथी तक्रार जरा नाजूक आहे, तरी लिहितो. आयुर्वेदातही एम.एस. ही पदवी आहे, शल्यतंत्र (सामान्य शस्त्रक्रिया) आणि शालाक्यतंत्र (डोळे, कान, नाक, घसा, दात) या विषयांत. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेत या पदव्युत्तर शिक्षणातल्या ५८ शस्त्रक्रिया नावानिशी दिल्या आहेत, ३९ शल्याच्या आणि १९ शालाक्याच्या. त्यावरून देशभर डॉक्टरांचा वाद झाला, संप झाला. त्या वादात मला पडायचं नाही. क्षारसूत्रानं, म्हणजे औषध लावलेल्या दोऱ्यानं, भगंदर बरं झालेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. पण पाटीवर नुसतं ‘एम.एस.’ लिहून पुढचा ‘आयुर्वेद’ गाळायचा, किंवा मुंगीएवढ्या अक्षरांत लिहायचा, हे बरोबर नाही. हेच एम.बी.बी.एस. डॉक्टरांनाही लागू आहे. एखाद्या शाखेची खास पदवी नसेल तर त्या शाखेचे तज्ज्ञ म्हणवून घेऊ नये, असं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे. नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर असावा, हेही तिच्यातच आहे. माझ्या काउंटरवर येणाऱ्या चिठ्ठ्यांपैकी किती चिठ्ठ्यांवर तो असतो, हे तुम्ही स्वतःच बघा.

आणि पाचवी, जिच्यावर कधी कोणी बोलत नाही. आपल्याकडे त्या शाखेचा सर्जन नाही हे वेळेत न सांगणं. पेशंट दाखल करून घ्यायचा, सलाईन लावायचं, तपासण्या करायच्या, सर्जनना ‘कॉल दिलाय’ म्हणायचं आणि संध्याकाळी ‘पुढं न्या’ म्हणायचं. पुढं नेताना हातात नीट चिठ्ठी नाही, सीटीची फिल्म नाही, दिलेल्या औषधांची नोंद नाही. असं सगळेच करतात असा आरोप मी करत नाही. पहिल्या दहा मिनिटांत ‘आमच्याकडे न्यूरोसर्जन नाहीत, अमुक ठिकाणी आहेत, मी फोन केलाय’ असं सांगून स्वतःची अँब्युलन्स देणारे डॉक्टर याच शहरात आहेत आणि लोक त्यांची नावं विसरत नाहीत.

हे सगळं करायला फार खटपट लागते, असं कोणी सांगू नये. सरकारी आरोग्य योजनेत रुग्णालय नोंदवताना कोणत्या शाखेचे डॉक्टर आहेत, त्यांच्या पदव्या काय, हे द्यावंच लागतं. आज महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात ती जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. म्हणजे इथं या याद्या करायची सवय राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांच्या आधीपासूनची. विमा कंपन्यांनाही तुम्ही ती माहिती देता. यादी तयार आहे, फाईलमध्ये आहे. सरकारला दिसते, विमा कंपनीला दिसते, फक्त टेबलवर झोपणाऱ्याला दिसत नाही.

म्हणून मागण्या :

दारातून आत शिरताच, नोंदणीच्या खिडकीजवळ, एक फलक लावा. त्यावर प्रत्येक सर्जनचं नाव, पूर्ण पदवी, नोंदणी क्रमांक, शाखा, आणि ते इथलेच आहेत की ठरावीक दिवशी येतात, हे असावं. भूलतज्ज्ञांचंही. मराठीत लिहा, पूर्व भागातल्या रुग्णालयांनी तेलुगूत आणि अक्कलकोट बाजूच्यांनी कन्नडमध्येही लिहावं. आपल्याकडे कोणत्या शाखेचे सर्जन नाहीत, तेही त्याच फलकावर एका ओळीत लिहा. यात कमीपणा नाही.

संमतीपत्रावर ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचं आणि भूल देणाऱ्याचं नाव आधी भरलेलं असावं. तातडीचं नसेल तर कागद आदल्या दिवशी द्या, म्हणजे घरच्यांना वाचून घेता येईल. सर्जन बदलले तर पेशंट ऑपरेशन थिएटरमध्ये जाण्याआधी सांगा आणि नवी सही घ्या.

बाहेरगावचे सर्जन परतण्याआधी, पुढं पेशंट कोणाकडे, ते फाईलवर लिहा.

डिस्चार्ज कार्डावर आणि बिलात नाव, पदवी, नोंदणी क्रमांक. ऑपरेशन नोटची प्रत न मागता द्या. आचारसंहितेप्रमाणे कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचीच असतात, मग पेशंटला हेलपाटे कशाला?

नोंदणी आणि नूतनीकरण करणाऱ्या अधिकाऱ्यांना विनंती अशी की अग्निशमनाचा दाखला आणि जैविक कचऱ्याचा करार जसा बघता, तसा हा फलक आणि कोऱ्या संमतीपत्राचा नमुनाही बघा. फलकावरच्या नावांपैकी एखाददुसऱ्याला फोन करून ‘तुम्ही खरंच इथे येता का’ एवढं विचारलंत तरी पुरे.

मी कोणाविरुद्ध कोर्टात जाणार नाही, कोणाच्या दारात घोषणा देणार नाही. तुमच्यामुळं माझं दुकान चालतं हेही मला कळतं, आणि हे पत्र वाचून एखाद्या रुग्णालयातून चिठ्ठ्या यायच्या बंद होतील, तेही धरून चाललोय. या पत्राची प्रत मी दुकानात लावली आहे. फलकाचा एक नमुना मोकळ्या रकान्यांसह करून ठेवलाय. ज्यांना हवा त्यांनी माणूस पाठवून न्यावा. पहिल्या छपाईचे पैसे मी देईन.

आपला,
एक औषध दुकानदार,
सोलापूर